चिनी ‘संकटा’तली संधी

व्यवस्थापनाच्या कार्यशाळा, निकालानंतरची मार्गदर्शन शिबिरे आणि भल्या सकाळी येणारे सुविचार यांतून एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. चिनी भाषेत ‘संकट’ हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात, पहिल्याचा अर्थ ‘धोका’ आणि दुसऱ्याचा ‘संधी’. प्रत्येक संकटात संधी दडलेली असते हे प्राचीन चिनी ज्ञान लिपीतच कोरलेले आहे. आणि खुद्द चिनी लोकही तेच सांगतात, असा तो दावा. शब्द खरा आहे, ‘वेइजी’. तो दोन अक्षरांनी लिहितात हेही खरे. त्यापुढचे मात्र एकेक करून पाहावे लागते.

पहिल्या अक्षराबद्दल फारसा वाद नाही. इसवी सन 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या अक्षरकोशात ‘वेइ’चा अर्थ ‘उंचावर असून भय वाटणे’ असा दिला आहे. त्यामुळे अभिजात चिनीत ते अक्षर नुसत्या उंचीसाठीही येते. ली बाई या कवीच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध कवितेतला ‘वेइ’ मनोरा धोकादायक नाही, तर हाताने तारे खुडता यावेत इतका उंच आहे. एरवी ‘वेइ’ म्हणजे धोका, आणि त्याबाबत कन्फ्यूशियसचा सल्ला सरळ आहे : ‘वेइ’ असलेल्या राज्यात शिरू नये. तिथे शिरून संधी शोधावी, असे तो म्हणत नाही.

खरी गफलत दुसऱ्या अक्षरात, ‘जी’मध्ये आहे. त्याच कोशात त्याची व्याख्या ‘सुटणे ज्याच्या ताब्यात असते ते’ अशी आहे, आणि ती एका अगदी ठोस वस्तूची आहे. क्रॉसबो, म्हणजे आडव्या दांड्यावर बसवलेले धनुष्य, ताणले की त्याची दोरी काशाच्या एका लहानशा यंत्राच्या दातात अडकून राहते, आणि खालची पट्टी ओढताच दात खाली पडून बाण सुटतो. हा चाप म्हणजे ‘जी’. चीनमधल्या शिआन शहराजवळ, पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या खड्ड्यांत असे काशाचे चाप सापडले आहेत. युद्धकलेवर लिहिणारा सुन त्झू सैन्याच्या जोराला ताणलेल्या क्रॉसबोची आणि नेमक्या क्षणाला चाप ओढण्याची उपमा देतो, तेव्हा त्याच्या ओळीत हेच अक्षर आहे.

चापापासून अर्थ दोन दिशांनी पसरला. एकीकडे कोणतेही यंत्र आणि त्याबरोबर यांत्रिक चलाखी. च्वांग त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एक म्हातारा माळी विहिरीत उतरून घागरीने पाणी आणतो आहे. त्याला कन्फ्यूशियसचा शिष्य त्झूकुंग मागून जड आणि पुढून हलक्या अशा लाकडी दांड्याचे उपकरण सुचवतो, तर माळी उत्तर देतो की यंत्रे आली की यंत्राची कामे येतात आणि यंत्राची कामे आली की यंत्राचे मन येते. मुळात तिन्ही ठिकाणी ‘जी’ आहे, आणि ‘जी’चे मन म्हणजे डावपेची मन. तिथे ‘संधी’ घालून वाक्य वाचून पाहावे, म्हणजे दाव्याची गंमत कळेल. दुसरीकडे अर्थ झाला तो कलाटणीच्या क्षणाचा, जिथून गोष्ट एकदा सुटली की परत घेता येत नाही. हा क्षण चांगला की वाईट, हे अक्षर सांगत नाही. शेजारचे अक्षर सांगते. ‘जीहुइ’ म्हणजे संधी, पण ‘फेइजी’ म्हणजे विमान, ‘शौजी’ म्हणजे मोबाइल आणि ‘जीमी’ म्हणजे गुपित. ‘वेइजी’त जे आहे ते धोक्याचे वळण, धोक्याचा चाप. मराठीत ‘संधी’ हा शब्द आहे म्हणून संधिवात झालेल्या माणसाचे अभिनंदन आपण करत नाही, इतके साधे हे आहे.

दाव्याच्या बाजूने एक चांगला पुरावा मांडता येतो, आणि तो टाळणे योग्य नाही. यिजिंग या शकुन पाहण्याच्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या भाष्यात ‘जी’च्याच कुळातले, पण ‘जी’सारखे बाजूला लाकडाचे चिन्ह नसलेले अक्षर येते. हालचालीची पहिली सूक्ष्म चाहूल असा त्याचा अर्थ तिथे सांगितला आहे, आणि सुज्ञ माणूस ती पाहताच दिवस संपण्याची वाट न बघता कृती करतो, असेही. परंतु ही स्तुती संकट येण्याआधीच्या सावधपणाची आहे, संकटातून मिळणाऱ्या लाभाची नाही. शिवाय शू शेनने या अक्षराचे दोन अर्थ दिले आहेत, ‘सूक्ष्म’ आणि ‘धोक्याजवळचे’. म्हणजे ‘जी’चा सर्वांत जवळचा नातलगही दाव्याच्या उलट बाजूला झुकतो.

अख्खा शब्द जुन्या लेखनात कसा येतो, हे पाहिले की शंका उरत नाही. जिन राजवंशाच्या इतिहासात चुगे चांगमिन नावाच्या सेनानीचा उद्गार आहे : गरिबीत माणूस वैभवाची इच्छा करतो आणि वैभव मिळाले की त्याचा पाय ‘वेइजी’वर पडतो, आता साधा माणूस होऊन राहीन म्हटले तरी ते जमणार आहे का? इसवी सन 413 मध्ये ल्यू यू या सेनापतीने त्याला ठार केले. त्याच्या ‘वेइजी’त कसली संधी होती, हे दावा करणाऱ्यांनी सांगावे.

‘प्राचीन ज्ञान’ हा भाग तर फारच अलीकडचा आहे. 1938 मध्ये चीनमधल्या मिशनऱ्यांच्या एका इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकीयात ही फोड आढळते. 12 एप्रिल 1959 रोजी जॉन केनेडी यांनी इंडियानापोलिस येथील भाषणात ती वापरली, आणि पुढे ती अमेरिकी वक्त्यांची आवडती झाली; अल गोर यांच्या 2007 च्या नोबेल भाषणातही ती आहे. आपल्याकडे आलेली ‘चिनी’ म्हण ही बहुधा याच इंग्रजी वाटेने आलेली आहे.

राहिला मुद्दा चिनी लोक स्वतःच असे म्हणतात हा. ते म्हणतात, यात शंका नाही. 2020 च्या साथीत शी जिनपिंग यांनी ‘वेइ’ आणि ‘जी’ नेहमी एकत्र असतात, अशा अर्थाचे विधान केले होते. पण शब्द फोडून त्यातून बोध काढणे हा वक्त्याचा खेळ झाला. तसा तो कोणत्याही भाषेत चालतो आणि त्यावरून शब्दाची व्युत्पत्ती ठरत नाही. धोक्यातून बाहेर पडण्याबद्दल चिनीत खरोखर जुनी उक्ती हवी असेल, तर ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या ल्यू शियांग या विद्वानाच्या लेखनात मिळते आणि आजही बोलण्यात आहे : ‘च्वान वेइ वेइ आन’. तिच्यातला दुसरा ‘वेइ’ वेगळे अक्षर आहे, त्याचा अर्थ ‘करणे’. धोका पालटून आणायचे आहे ते ‘आन’, म्हणजे सुरक्षितता. ‘जी’चा त्या उक्तीत पत्ताच नाही.