शेन राइटला 'बस्ट' म्हणणाऱ्यांसाठी

परवा मुलाच्या प्रॅक्टिसला रिंकवर काचेशी उभी होते. शेजारी दोन बाबालोक आइस हॉकीच्या गप्पा मारत होते. शेन राइट या खेळाडूचं नाव निघालं आणि एकानं एका शब्दात विषय संपवला: 'बस्ट'. म्हणजे फुकट गेलेला. मी तिथं काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यातून जाईना. म्हणून इथं लिहितेय, थोडं लांबलचक होईल.

शेन आमच्या शेजारच्या बर्लिंग्टनचा, म्हणजे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला. जन्म 5 जानेवारी 2004. सेंटर खेळतो, म्हणजे तीन फॉरवर्डमधला मधला. फेस-ऑफ (खेळ सुरू करताना होणारी झटापट) यानंच घ्यायचा, दोन्ही बाजूंच्या विंगरना पक (रबरी चकती) यानंच पुरवायचा आणि पक हातचा गेला की बचावाला मागेही यानंच पळायचं. ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये पोरं साधारण सोळाव्या वर्षी येतात. एखादा फारच पुढचा असेल तर 'एक्सेप्शनल स्टेटस' देऊन वर्षभर आधी घेतात. 2005 मध्ये जॉन टावारेसला ते पहिल्यांदा मिळालं, 2012 मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला आणि 2019 मध्ये शेनला. लीगमधल्या किंग्स्टन फ्राँटेनॅक्स संघानं निवडीत त्याला सगळ्यात पहिला उचलला. त्या मोसमात, वीस-वीस वर्षांच्या दाढीवाल्या पोरांच्या धडका खात, त्यानं 58 सामन्यांत 39 गोल मारले. मग काय, एनएचएल ही सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग; तिचे संघ आळीपाळीनं नवी पोरं निवडतात तो ड्राफ्ट, आणि 2022 च्या ड्राफ्टचा पहिला नंबर हाच, असं तेव्हापासूनच सगळे धरून चालले.

आणि मग कोविड आला. क्युबेकच्या आणि पश्चिमेच्या ज्युनियर लीगनं 2020-21 चा मोसम छोटा का होईना, पण खेळवला. ओंटारियोत एकही सामना झाला नाही. एकही नाही! सोळा-सतरा हे वय असं असतं की पोराचं अंग वर्षात बदलतं आणि खेळाची समजही तेवढ्याच वेगानं वाढते. हॉकीत एक शिफ्ट, म्हणजे एका दमात बर्फावर खेळायचा वेळ, असते जेमतेम पाऊण मिनिटाची. त्यात पाठीवर डिफेन्समन चढलेला असताना पक ठेवायचा की सोडायचा, हे अर्ध्या क्षणात ठरवायचं असतं. गॅरेजमध्ये नेट लावून हजार शॉट मारले तरी ते अंगात येत नाही. सामनेच खेळावे लागतात. त्या अख्ख्या वर्षात त्याच्या वाट्याला आली टेक्ससमधली अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा. तिथं तो कॅनडाचा कॅप्टन होता. पाच सामन्यांत नऊ गोल आणि सुवर्णपदक. मोसम बुडूनही हे करणाऱ्या पोराला लोक बस्ट म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी किंग्स्टनसाठी 63 सामन्यांत 94 पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). तरी चर्चा काय, तर म्हणे अपेक्षेएवढं नाही. जुलै 2022 मध्ये माँट्रियलला ड्राफ्ट झाला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. माँट्रियलनं पहिला घेतला स्लोव्हाकियाचा स्लाफकोव्स्की. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यानं बीजिंग ऑलिंपिकमध्ये सात गोल मारले होते. दुसरा नेमेत्स, तिसरा कूली. प्रत्येक नावाला कॅमेरा शेनच्या चेहऱ्यावर जात होता. अठरा वर्षांचं पोर, शेजारी आईवडील, आणि ते लाजिरवाणं थांबणं सगळ्या देशाला दाखवायचं! चौथ्या नंबरावर सिएटलनं घेतलं. पुढे कितीतरी दिवस लोक एकच गोष्ट चघळत बसले, स्टेजवर जाताना त्यानं माँट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिलं की नाही.

माझा खरा राग आहे तो पुढच्या वर्षावर. तेव्हा नियम असा होता की ज्युनियर लीगमधून आलेला अठरा-एकोणीसचा पोरगा एकतर थेट एनएचएल खेळेल, नाहीतर परत ज्युनियरला जाईल. मधली एएचएल, जिथं मोठ्या माणसांविरुद्ध पण रोज खेळायला मिळतं, ती त्याला बंद. म्हणजे शिडीची मधली पायरीच काढून घेतलेली. सिएटलमध्ये शेन कधी बाहेर बसायचा, कधी सामन्याला आठेक मिनिटं खेळायचा. फक्त सरावापुरतं, थोडे दिवस, कोचेला व्हॅली या त्यांच्या एएचएल संघाकडे पाठवलं, तिथं लगेच गोल मारले. परत आला आणि 6 डिसेंबरला एनएचएलमधला पहिला गोल मारला, तोही माँट्रियलविरुद्ध. मग वर्ल्ड ज्युनियरला, म्हणजे वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत, कॅनडाचा कॅप्टन. 5 जानेवारी 2023 ला, त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, फायनलमध्ये चेकियाविरुद्ध त्यानं गोल मारला आणि कॅनडानं सुवर्ण घेतलं. मग त्याला ज्युनियरला परत पाठवलं आणि चारच दिवसांत किंग्स्टननं त्याला त्याच लीगमधल्या विंडसरला देऊन टाकलं. एका मोसमात चार जर्सी! त्या वयाच्या पोराला कुठल्या बाकावर आपली बॅग ठेवायची हेसुद्धा कळेनासं झालं असेल. आता एनएचएल आणि खेळाडूंच्या संघटनेच्या नव्या करारात एकोणीस वर्षांचा एक खेळाडू एएचएलला पाठवायची मुभा संघांना मिळतेय. चांगलंच आहे, पण हे आधी सुचायला हवं होतं.

आमचे अण्णा (माझे सासरे) सांगलीहून फोनवर नेहमी म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मी अण्णांशी वाद घालत नाही, पण मला हे पटत नाही. इथं वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की वरच्या पातळीच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं भरमसाठ असतात. लहानपणी दहा महिन्यांनी मोठं असणं म्हणजे उंची, जोर, सगळंच जास्त. मग तीच निवडली जातात, त्यांनाच चांगला कोच आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो. शेन जानेवारीचा. माझा मुलगा नोव्हेंबरचा.

दोन वर्षांपूर्वी ट्रायआउटनंतर क्लबची यादी ईमेलवर आली. यानं माझ्या फोनवर ती दोनदा वाचली, वरून खाली आणि मग खालून वर. काही बोलला नाही. बेसमेंटमध्ये गेला आणि घामानं ओले पॅड एकेक करून स्टँडवर वाळत घातले, रोज घालतो तसेच. कोचनं आम्हाला सांगितलं, 'अजून लहान दिसतो.' नऊ वर्षांचा मुलगा लहान नाही तर कसा दिसणार?

म्हणून मला शेनबद्दल एवढं वाटतं. पंधराव्या वर्षी त्याला 'असामान्य' ठरवलं तेही मोठ्यांनी आणि विसाव्या वर्षी 'बस्ट' ठरवलं तेही मोठ्यांनीच. तो मधल्या काळात फक्त मोठा होत होता.

काल रात्री पोरगा जमिनीवर बसून स्टिकला टेप गुंडाळत होता. विचारतो, "आई, शेनला कधी टीमबाहेर बसवलंय का?"

म्हटलं, "हो, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, सलग तीन सामने."

"मग?"

"मग परत आला. मोसम संपला तेव्हा 79 सामन्यांत 19 गोल आणि 44 पॉइंट."

त्यानं मान हलवली, टेप दातानं तोडली आणि दुसरी स्टिक ओढून घेतली.