तुकोबा आडवे का दिसतात?

जुना मराठी चित्रपट घरी बघायला फार काही लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी बघितलेला नसतो. एक रिमोट लागतो. मग दुसरा रिमोट लागतो, कारण हातातला सेट-टॉप बॉक्सचा निघतो. तयारीला अर्धा तास लागतो, घरात बाजाची पेटी (हार्मोनियम) असेल तर ती लागते, आणि 'हे काय लावलंय?' हा प्रश्न चार वेळा ऐकून घेण्याची ताकद लागते. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या काळातल्या चित्रपटांवर माझा जीव आहे, म्हणून मी हे सगळं करतो. नुसती आवड असणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

पहिलं संकट रुंदीचं. त्या काळच्या चित्रपटाची चौकट चारास तीन, म्हणजे चार रुंद तर तीन उंच, किंवा केसभर रुंद. आपला टीव्ही सोळास नऊ. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या काचेवर कडेपर्यंत ताणलं की प्रत्येक माणूस बरोबर एक तृतीयांशाने रुंद होतो. आता 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये विष्णुपंत पागनिसांनी जो तुकोबा उभा केलाय, त्याचं सगळं बळ त्या किडकिडीत अंगात आणि कुठेतरी पल्याड लागलेल्या नजरेत आहे. तो ताणला की देहूचा वाणी दिसायच्या ऐवजी गूळ-तुपाचा घाऊक व्यापारी दिसतो. बायको भुकेच्या नावाने कडाकडा भांडते आणि समोर हे गृहस्थ असे! जिजाईची बाजू लंगडी पडते. गौरीबाईंनी त्या भूमिकेत घातलेला सगळा जाळ फुकट. या प्रकारात न बिघडणारं एकच पात्र म्हणजे म्हैस.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नये. रिमोटवरून 'पिक्चर साइज'मध्ये जाऊन 'चारास तीन' निवडायचं. पण नेटवर चढवणाऱ्याने चित्र आधीच ताणून ठेवलंय, की दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून बरोबर ठेवलंय, हे आधी बघावं. ताणलेलं असेल तर हे बटण सगळ्यांना जागेवर आणतं. पट्टेवाल्या प्रतीवर तेच बटण दाबलं तर पट्ट्यांसकट सगळं दाबलं जातं आणि तुकोबा उदबत्तीसारखे होतात. खात्रीसाठी पडद्यावर वाटोळी वस्तू शोधावी: गाडीचं चाक, जातं, परात. 'कुंकू' (१९३७) मध्ये तर भिंतीवरचं घड्याळ आहेच. तबकडी वाटोळी दिसेपर्यंत खटपट करायची. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये बघत असाल तर 'ए' हे बटण दाबत राहा, प्रत्येक दाबाला चौकट बदलते. 'झूम' मात्र करू नका. काळे पट्टे जातात खरे, पण वरखाली मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो. पागोटी तरी जातात नाहीतर पाय तरी.

मग टीव्हीचा स्वतःचा शहाणपणा बंद करायचा. 'व्हिविड'मधून 'सिनेमा'वर यायचं. रंग शून्यावर आणायचा, म्हणजे करड्या रंगात लपलेली निळसर-हिरवी झाक जाते. आणि 'मोशन स्मूदिंग' या नावाचं जे काही असेल ते आधी मारून टाकायचं. सेकंदाला २४ चौकटींच्या (म्हणजे स्थिर चित्रांच्या) मधल्या जागा टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो, आणि जुन्या फिल्मवरचा ओरखडा, जो एकाच चौकटीपुरता असतो, तोही त्याला पात्र वाटतो. तो त्याला चालवायला बघतो.

इथे कोणीतरी विचारतंच, 'हल्ली रंगीत करतात ना असे सिनेमे?' करतात. रंगाची हौस 'प्रभात'लाही होती. १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती त्यांनी थेट जर्मनीत काढून घेतल्या. रंग बिनसले. पुढे त्यांनी काळ्या-पांढऱ्यात काय करून दाखवलं ते बघितल्यावर मला तरी त्या बिनसण्याबद्दल जर्मनांचे आभारच मानावेसे वाटतात.

चित्र सरळ झालं की आवाज वाकडा असल्याचं लक्षात येतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा जुना टीव्ही आणि त्यासाठी काढलेल्या व्हीसीडी-डीव्हीडी २५ ने. म्हणून बऱ्याच प्रती चार टक्के वेगाने पळतात. सव्वादोन तासांचा चित्रपट साडेपाच मिनिटं आधी संपतो, त्याबद्दल घरच्यांची तक्रार नसते. पण सूर जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. समजा मूळ गाणं पेटीच्या काळी चार या पट्टीत आहे. ते तिच्या पुढच्या पांढरी सहाकडे निघतं आणि पाऊण वाटेवर बसकण मारतं. पेटीवर शोधायला जावं तर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सापडतं. 'कुंकू'च्या नायिका शांता आपट्यांचा आवाज मुळात धारदार, सरळ अंगावर येणारा. तो आणखी चढला की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई रागावल्यात. 'कुंकू'मध्ये त्या रागावलेल्या असतातच, पण गाण्यात एवढ्या नाही.

व्हीएलसीत वेग ०.९६ केला की २५ चे २४ होतात. पण नुसतं तेवढं करून भागत नाही. तो प्लेअर हुशारीने वेग उतरवतो आणि सूर चढलेलाच ठेवतो. त्याच्या ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'टाइम-स्ट्रेचिंग'ची खूण आहे, ती काढली की वेगाबरोबर सूरही खाली येतो. आता प्रत पळतेय की नाही हे ओळखायचं कसं? पेटीची परीक्षा निम्मीच खरी, कारण १९३७ सालची पेटी तुमच्या पेटीशी जुळलेली होती असं कोणी लिहून दिलेलं नाही. चित्रपटाची मूळ लांबी माहीत असेल तर मिनिटं मोजावीत. मिनिटं कमी भरली तर प्रत पळते आहे, किंवा एक गाणं कापलेलं आहे, किंवा दोन्ही. बहुधा दोन्ही.

खरखरीचं काय करायचं? काहीही नाही. फिल्मच्या कडेला ध्वनीची जी पट्टी असते तिच्यावरून प्रकाश जातो आणि त्याचा आवाज होतो. तिथे धूळ आणि ओरखडे आले की त्यांचाही आवाज होतो. इक्वलायझरवर सहा-सात हजार हर्ट्झच्या वरचं थोडं उतरवावं. तिथे त्या काळचं फारसं काही नसतंच, नुसती खरखर असते. पण 'नॉइज रिडक्शन' नावाचं औषध देऊ नये. त्याने केशवराव दाते पिंपात बसून बोलल्यासारखे ऐकू येतात. शिवाय 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते प्रसंगातच वाजत असतं: घड्याळ, रस्ता, ग्रामोफोनची तबकडी. खरखरीबरोबर घड्याळाची टिकटिकही पुसली तर म्हातारा नवरा (दाते) आणि भडकलेली नीरा (शांता आपटे) यांच्या मधली अख्खी शांतताच जाते. आणि याच चित्रपटात आपल्या कुकरची शिट्टी इतकी चपखल बसते, की बघणारा म्हणतो, 'वा, काय साउंड आहे!' मध्येच शांता आपटे इंग्रजी कविता गाऊ लागतात. फाइल बिघडलेली नाही, ते तसंच आहे.

दर दहा-अकरा मिनिटांनी एखादं वाक्य अर्ध्यात तुटतं. त्यात नेटचा दोष नाही. हजार फुटांचं एक रीळ सेकंदाला २४ चौकटींनी अकरा मिनिटं चालतं. यंत्रात ओवताना-काढताना रिळाचं डोकं आणि शेपूट सगळ्यात जास्त फाटतं, मग ऑपरेटर तेवढा तुकडा कापून जोड मारतो. गावोगाव हिंडलेल्या प्रतीत प्रत्येक जोडाला एकेक शब्द गळालेला असतो. उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की मी सावध होतो: आता कोणीतरी काहीतरी महत्त्वाचं बोलणार आणि ते ऐकू येणार नाही.

यापेक्षा अवघड फसवणूक भाषेची. 'प्रभात' बरेच चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित करायची. सेट तेच, नट कधी तेच, कधी दुसरे. नेटवर नाव 'कुंकू' आणि आत 'दुनिया ना माने' हे नेहमीचं. दोन्हीत शांता आपटे, दोन्हीत केशवराव, त्यामुळे कोणीतरी तोंड उघडेपर्यंत कळत नाही. 'शेजारी' (१९४१) ओळखायला सोपा: हिंदू शेजारी दाते असतील तर मराठी, मझहर खान असतील तर 'पडोसी'. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदारच. म्हणजे हिंदीत मुसलमान नटाने हिंदू रंगवला आणि हिंदू नटाने मुसलमान, आणि दोघं बुद्धिबळ खेळले. 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये राजगुरूचे ते पडदा व्यापणारे डोळे चंद्रमोहनचे हवे असतील तर हिंदीच शोधा. मराठीत तिथे पुन्हा दाते.

एवढं सगळं जमेपर्यंत प्रेक्षक जमलेले असतात. प्रत्येक घरात एक मामा असतात जे 'आधी बीज एकले' लागताच हात जोडून म्हणतात, 'तुकोबांचा काय अभंग आहे!' तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलाय. हे सांगू नये. सांगितलं तर गाथा काढली जाते, साडेचार हजारांच्या आसपास अभंग चाळले जातात, आणि तो सापडला नाही की 'ही आवृत्ती बरोबर नाही' असा निकाल लागतो. आठवल्यांना यापेक्षा मोठी दाद कुठल्या समीक्षकाने दिली नसेल.

'ब्रह्मचारी' (१९३८) लावायचा तर वेळ बघून. हा 'प्रभात'चा नव्हे, कोल्हापूरच्या 'हंस'चा. लेखणी अत्र्यांची, नायक मास्टर विनायक. नायिका मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' सुरू करतात तेव्हाच चहा येतो, हा नियम आहे. आजी निवांत बघत असते. कानकोंडे होतात ते तिच्या मुलाच्या वयाचे. मग ती कोंडी फोडायला कोणीतरी जाहीर करतं, 'नम्रता शिरोडकरची आजी बरं का ही!' झालं. सहा फोन बाहेर निघतात, चेहरे जुळवले जातात, आणि गाणं संपलेलं असतं. मागे घ्यायला जावं तर प्रत पहिल्यापासून सुरू होते.

'तुझी सगळ्यात आवडती कोण?' हा प्रश्न ठरलेला. दुर्गाबाई खोट्यांचं नाव घेतलं की वाद होत नाही. शांता हुबळीकर म्हटलं की सगळे 'कशाला उद्याची बात' गुणगुणतात आणि ते गाणं ज्यात आहे तो 'माणूस' कोणीच बघितलेला नसतो. माझं उत्तर शांता आपटे. कंपनीचे नट तेव्हा महिन्याच्या पगारावर, करारात बांधलेले. ही बाई १९३९ साली करारावरून 'प्रभात'च्या दारातच उपोषणाला बसली, आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहून मोकळी झाली. पडद्यावरची नीरा आणि दारातली शांताबाई यांच्यात मला फट दिसत नाही, पेटीच्या पट्ट्यांमधली सोडून.

एवढी कुरकुर करूनही मी त्या फाटक्या प्रतींवर का तुटून पडतो, याला कारण आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते, चिकट होते, शेवटी भुकटी होते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. 'प्रभात'च्या स्टुडिओच्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या नायट्रेटच्या कोठीला २००३ साली आग लागली आणि 'प्रभात'ची मूळ रिळं गेली. जे प्रतींवर उतरून राहिलं तेच आता आपलं. तेव्हा खरखर गोड मानून घेतो.

चित्रपट संपतो, गरुड तुकोबांना घेऊन जातो, मामा डोळे पुसतात, सगळे झोपायला जातात. टीव्ही चारास तीनवर, रंग शून्यावर राहिलेला असतो. सकाळी क्रिकेट लागतं. करड्या मैदानावरून एक करडा, बोरूसारखा गोलंदाज धावत येतो, आणि आतून हाक येते, 'कोणी हात लावला होता रे टीव्हीला?'