आडवा शब्द, चार घरे

शब्दकोड्यात ‘थंड’च्या उलट विचारले की पेन्सिल आपोआप चालते. ‘रूपककथेच्या उलट (४)’ असे आले की तीच पेन्सिल दाताखाली जाते.

मूळ दुखणे असे की विरुद्धार्थ असतो तो गुणांना, फार तर नात्यांना. थंड-गरम ही एकाच मोजपट्टीची दोन टोके. जिवंत-मृत यांच्या मध्ये पायरीच नाही. गुरू-शिष्य ही नात्यातली जोडी. वस्तूंचे मात्र अवघड आहे. खुर्चीच्या उलट काय? कोणी टेबल म्हणेल, कोणी सतरंजी. रूपककथा याच खुर्चीच्या जातीची.

पहिला मोह उपसर्गांचा होतो. होऊ द्यावा, आणि लगेच पस्तावावे. ‘बोध’ला अ लावला की निरागस बाळ मिळते, निर् लावला की अडाणी माणूस, दुर् लावला की वाचकाचे डोके धरायला लावणारी कविता. बोध नसलेली गोष्ट यातल्या एकानेही हाती लागत नाही. कोशांकडेही धाव घेऊन पाहावी. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती घ्या की दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तिथे शब्दावरून अर्थाकडे जाता येते. अर्थ उलटा करून शब्दाकडे यायची वाट तिथे नाही.

तेव्हा शब्दच फोडावा. रूपककथेला तीन पाय : प्रतीक, कथा आणि बोध. आपण कोणता पाय काढतो आहोत ते आधी ठरवायचे.

कथा काढली की उरतो उपदेश. तो विरुद्धार्थ नव्हे, तो रूपककथेचा कोरडा भाऊ. बोध काढला की चुटका, गप्पा, बाता. यात माणसे हमखास फसतात : शेवटची ‘तात्पर्य :’ ही ओळ खोडली म्हणजे बोध गेला, असे त्यांना वाटते. जात नाही. मराठी वाचक तात्पर्य स्वतःच्या खिशातून काढून लावतो.

खरा विरोध प्रतीक काढल्यावर होतो. शब्दाच्या तीन शक्तींपैकी अभिधा, म्हणजे सरळ अर्थ, तेवढी ठेवायची; लक्षणा (वळवून घेतलेला अर्थ) आणि व्यंजना (सुचवलेला अर्थ) दाराबाहेर. कावळा म्हणजे कावळाच, मडके म्हणजे मडकेच. कोणी रूपककथेच्या जवळच्या दृष्टांताकडेही वळेल. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात ११४ दृष्टांत, म्हणजे बोधासाठी सांगितलेल्या छोट्या गोष्टी, आहेत. त्यांत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी असते. ‘दार्ष्टांतिक’ म्हणजे दृष्टांत ज्याला लागू करायचा ती बाजू. मला विचाराल तर जोडीचा शब्द म्हणून तोच सर्वांत नेमका. घरेही मोजा : दा, र्ष्टां, ति, क. चारच! तरीही चालत नाही. कारण तो दृष्टांताचा जोडीदार आहे, विरोधक नव्हे.

तेव्हा हवी ती घडले तेवढेच सांगणारी नोंद. आता घरांचा हिशेब. मराठी कोड्यात जोडाक्षराला एकच घर, म्हणून वृत्तांत तीन घरांत संपतो आणि बखरही. चारांत बसणारे मात्र ढीगभर : अहवाल, इतिवृत्त, रोजनिशी, पंचनामा, सत्यकथा. यातली ‘सत्यकथा’ बेलाशक वगळावी. त्या नावाचे मासिक १९८२ साली बंद होईपर्यंत उत्तमोत्तम काल्पनिक कथाच छापत होते.

माझे मत पंचनाम्याला. पारख सोपी आहे : मजकूर वाचून ‘म्हणजे काय?’ असे विचारावेसे वाटले तर ते रूपक; ‘किती वाजता?’ असे विचारावेसे वाटले तर तो पंचनामा. तहानलेल्या कावळ्याला लावून पाहा. मडक्यात पाणी तळाशी. कावळ्याने खडे टाकले. पण साधारण गोल, सारख्या आकाराचे खडे नुसते टाकत गेले तर मध्ये सुमारे ४० टक्के जागा फटींची राहते. मडके सरळ उभ्या भिंतींचे धरले तर पाणी ४० टक्क्यांहून कमी असताना खडे काठोकाठ भरतात आणि पाणी मात्र त्या फटींत खालीच बसते. सबब, घटनास्थळी एक भरलेले मडके आणि एक तहानलेला कावळा आढळला. एवढेच लिहून सही करायची.

फक्त सही करण्याआधी उभा शब्द भरून पाहावा. तिसऱ्या घरात ‘वा’ आला तर पंचनामा खोडावा लागतो, आणि अहवाल लिहावा लागतो.