खुलासा : खारफुटीची एक रांग लावली की पूर थांबतो का?

‘किनाऱ्यावर खारफुटीची एक रांग लावा, लाटा आणि पूर दोन्ही अडतील’ असा संदेश फिरतो आहे. तो निम्माच खरा आहे.

वाऱ्याच्या लाटांना खारफुटी खरोखरच आवर घालते. सुमारे 100 मीटर रुंदीच्या पट्ट्यात लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटते, हे मोजमापांतून दिसले आहे. झाडी किती दाट, मुळे कशी, पाणी किती खोल, यावर आकडा ठरतो. एका रांगेने हे साधत नाही.

चक्रीवादळात समुद्राची पातळीच फुगते, ते प्रकरण वेगळे. ते पाणी तासन्‌तास आत शिरत राहते आणि झाडांमधून वाट काढते. साधारण 1 किलोमीटर रुंद खारफुटीमागे त्याची पातळी 5 ते 50 सेंटिमीटरच उतरते. सपाट किनाऱ्यावर तेवढ्यानेही बराच भाग कोरडा राहतो, हे खरे. पण वादळाची सूचना आली की घर सोडायचेच.

धुपेचेही तसेच. मुळे गाळ धरतात, मात्र गाळ येत असेल तरच. नदीवर धरण झाले, वाळू उपसली, की नवी रोपे वाहून जातात. आणि उघड्या, लाटांच्या वाळूत खारफुटी मुळात रुजतच नाही. तिथे राखण वाळूच्या टेकड्या करतात.