डिप्रेशनची गोळी म्हणजे बारीक व्हायची गोळी नव्हे, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

मागच्या आठवड्यात अमळनेरला आमच्या मेडिकलवर एक वहिनी आल्या, मोबाइलच पुढे धरला, म्हणे भाऊ ही गोळी द्या, चिठ्ठी नाहीये. बघतो तर तोच मेसेज जो सध्या प्रत्येक भिशीच्या न् भाऊबंदकीच्या ग्रुपवर फिरतोय: "फ्लुओक्सेटिन रोज एक, महिन्यात १० किलो कमी, पथ्य नको फिरणं नको, साइड इफेक्ट शून्य, अमेरिकेत मान्यता." फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आहे. मी त्यांना काउंटरवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

१० किलो कुठून आणले देव जाणे. या गोळीवर लठ्ठ माणसांचे जे अभ्यास झाले त्यातले १९ एकत्र करून २०१९ मधे कोक्रेनवाल्यांनी (औषधांचे अभ्यास तपासणारी संस्था) तपासले, तर खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.७ किलो जास्त कमी झालं, तेही महिन्यात नाही, आणि हा पुरावासुद्धा फार पक्का नाही असं त्यांनीच लिहिलंय. बऱ्याच जणांना डोस होता ६० मिलिग्रॅम, आपल्याकडे डिप्रेशनला सुरुवातच २० ने करतात. वर्षभर चाललेल्या एका अभ्यासात वीसेक आठवडे वजन उतरलं, मग परत चढत गेलं आणि वर्ष संपेपर्यंत सांगण्यासारखा फरक उरला नाही.

अमेरिकेत मान्यता आहे, १९८७ पासून आहे, पण डिप्रेशनसाठी! नंतर बुलिमियासाठीही मिळाली, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी काढायची तो आजार. वजनासाठी मान्यता मिळाली ती वेगळ्या औषधाला, ब्युप्रोपिऑन आणि नालट्रेक्सोन एकत्र, २०१४ मधे, आणि तिथेही आहार-व्यायाम सोबत हवाच आणि फिट येणाऱ्याला द्यायचंच नाही. "डिप्रेशनची कोणतीही गोळी चालते" असंही कोणीतरी खाली जोडलंय. मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी उलट वजन वाढतं हो.

साइड इफेक्ट शून्य, हे वाचून मात्र खरंच राग येतो. त्याच अभ्यासांमधे चक्कर, मळमळ, झोप उडणं, थकवा हे गोळीवाल्यांना जवळपास दुप्पट झालं. वहिनींना विचारलं अजून काय चालू आहे, तर पर्समधून शुगरच्या गोळीचं पाकीट निघालं आणि गुडघ्याच्या दुखण्याला डायक्लोफेनॅक. आता ही गोळी शुगरच्या औषधासोबत साखर एकदम खाली नेऊ शकते, डायक्लोफेनॅकसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी असेल तर फिटसुद्धा येऊ शकते, आणि २४ वर्षांपर्यंतच्या पोरापोरींमधे सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात असा इशारा खुद्द अमेरिकेनेच या गोळ्यांवर छापायला लावलाय. म्हणून चिठ्ठी मागतो आम्ही, धंदा नको म्हणून नाही.

आणि असं आधीही झालंय. सिब्युट्रामिन आधी डिप्रेशनसाठीच शोधलं होतं, मग बारीक व्हायला विकलं, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका दिसला तेव्हा २०१० मधे अमेरिका-युरोपातून उठलं आणि २०११ मधे भारतात बंदी आली. तोवर किती जणांनी खाल्लं असेल?

ज्यांचं वजन खरंच जास्त आहे त्यांना मी "वरण-बट्टीवरचं तूप कमी करा" एवढं सांगून वाटेला लावत नाही, लठ्ठपणा हा आजार आहे, त्याची औषधं आहेत, ती एमडी डॉक्टर थायरॉइड-शुगर बघून देतात.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसऱ्याच दिवशी. चोपड्याकडच्या एक मावशी आहेत, दोन वर्षं झाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हीच गोळी घेतात, आधी अंथरुणातून उठत नव्हत्या त्या आता पापड-बिबड्याचं काम घेतात. शेजारणीने मेसेज दाखवून विचारलं म्हणे, काय मावशी, बारीक व्हायचंय का? दहा दिवसांपासून गोळी बंद. अर्धं भरलेलं पाकीट माझ्या काउंटरवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, हे परत घेता का?" मी परत घेतलं नाही, त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.