शेकरूला अभयारण्य, टोडला टायर

शेकरू न आवडणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, आणि का आवडू नये, आपला राज्यप्राणी आहे, एवढी झुबकेदार शेपूट, झाडावरून झाडावर काय मस्त झेप मारतो! पण वर्गीकरण बघाल तर गडी कुरतडणाऱ्यांच्या गणातला, म्हणजे रोडेंशिया, घरात पिंजरा लावून पकडतो तो उंदीर पण त्यातलाच, फक्त याची फॅमिली खारीची. शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. सापडतो फक्त भारतात, पण पश्चिम घाट, पूर्व घाट, सातपुडा असा मोठा पट्टा आहे, म्हणून आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची जागतिक संस्था, कुठल्या जातीला किती धोका ते ठरवते) यादीत तो 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सगळ्यात कमी काळजीचा. (याचा अर्थ सगळीकडे मजेत आहे असा नाही हं, मधली झाडं तोडली की तो अडकतोच, खाली उतरून चालत जाणं त्याला जमत नाही फारसं.) तरी 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्यासाठी. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता आंबोलीचा टोड बघा. टोड म्हणजे शेवटी बेडूकच, गण अन्युरा, फॅमिली ब्युफोनिडी, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे म्हणून नाव झॅन्थोफ्रिने टायगेरिना, आणि हे नाव त्याला मिळालं 2009 मध्ये! तोपर्यंत शास्त्राच्या कागदावर हा नव्हताच. आंबोलीच्या आसपासचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट खडकाळ पठारं, हेच त्याचं सगळं जग, म्हणून आययूसीएनने त्याला थेट 'क्रिटिकली एन्डेंजर्ड'मध्ये, म्हणजे नष्ट व्हायचा धोका अगदी जास्त असलेल्यांत टाकला. आणि वर्गीकरण इथेच कामाला येतं, कारण या झॅन्थोफ्रिने वंशात जाती दोनच, दुसरी कोयनेकडची. शेकरूच्या रॅटुफात चार आहेत. म्हणजे आंबोलीचा गेला तर अख्खा अर्धा वंश गेला, आणि हा वंश पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही.

आता याची अंडी घालायची वेळ कुठली, तर पावसाळ्याची सुरुवात, सड्यावरच्या खडकात साचलेल्या उथळ पाण्यात. आणि आपली धबधबा बघायला गाड्या घेऊन जायची वेळ पण तीच 😡 वीकेंडला सड्यावर गाड्या चढवून नाचणाऱ्यांना कोण सांगणार की टायरखालच्या डबक्यात काय आहे.

बरं, छोट्या जिवासाठी काही करता येत नाही असंही नाही, याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशासाठी 2021 मध्ये सरकारने जैविक वारसा स्थळ जाहीर केलंय. मग सड्यांसाठी पण करा ना, आणि तोवर निदान जून-जुलैत सड्यावर गाड्या बंद आणि गाडीखाली येऊ नयेत म्हणून रात्री घाटात स्पीड कमी, एवढं तरी.