गुडघ्याची वाटी तेलाने बसत नाही

काल रात्री मावशीने फोन करून विचारलं, "चिकूच्या पायाला गरम मोहरीचं तेल चोळून पट्टा बांधू का रे?" चिकू तिचा पॉमेरियन, वजन जेमतेम 3 किलो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर तिच्याकडे पोचला होता: कुत्र्याची वाटी सरकली की तेल चोळा, खटकन बसवा, 15 दिवस पट्टा बांधा, दुखलं तर आपली दुखण्याची अर्धी गोळी द्या, कॅल्शियम चालू ठेवा, ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे.

आधी गोळी, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन या आपल्या दुखण्याच्या औषधाची 400 मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे 200 मिलिग्रॅम. 3 किलोच्या चिकूला ती देणं म्हणजे 60 किलोच्या माणसाने अख्ख्या 10 गोळ्या एकदम गिळणं. त्यात कुत्र्याला हे औषध माणसापेक्षा जास्त बाधतं. पोटात व्रण, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पुढे मूत्रपिंड निकामी. 'अर्धीच तर गोळी' असं लिहिणाऱ्याने कधी कुत्र्याचं वजन तरी केलंय का? डायक्लोफेनॅक हे माणसांचं दुसरं दुखण्याचं औषधही देऊ नका. दुखणं थांबवणारी कुत्र्यांची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर वजन बघून देतात.

आता तेल-पट्टा. वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेतून वरखाली सरकते. लहान जातींत ती खाच उथळ असते, नडगीचा उंचवटाही बऱ्याचदा आत वळलेला असतो, म्हणून वाटी आतल्या बाजूला घसरते. हाडाची ठेवणच अशी असेल तर तेल काय करणार? आज बसवली तरी पुन्हा सरकेल. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने 2016 मध्ये इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा संकरित कुत्र्यांच्या तुलनेत पॉमेरियनमध्ये हा दोष असण्याची शक्यता साडेसहा पट निघाली. तो पिढीजात आहे, कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही.

ऑपरेशनबद्दल मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. दोषाच्या 4 पायऱ्या असतात. पहिलीत, म्हणजे दाबल्यावर वाटी सरकते आणि सोडली की परत जागेवर येते तेव्हा, कुत्रा लंगडत नसेल तर सहसा ऑपरेशन लागत नाही. वजन आटोक्यात ठेवायचं, तपासणी करत राहायची. दुसरीत लंगडणं किती आहे यावर ठरतं. तिसरी-चौथीत मात्र खाच खोल करून उंचवटा सरळ रेषेत आणावा लागतो. चालढकल केली तर कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजते, गुडघ्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा अस्थिबंधही तुटू शकतो.

मावशीला सांगितलंय, चिकू पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो त्याचा व्हिडिओ काढून ठेव, घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी घाल, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. आणि ती गोळ्यांची पट्टी कपाटात वर ठेव.